मापवही

चावडीच्या बाजारात, मेडिकलच्या शेजारी
माझं शिवणाचं दुकान. एकतीस वर्षं.
माणसं मला चेहऱ्याने आठवत नाहीत,
आठवते छाती, कंबर, बाही,
आणि मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंतची पाठ.

मडगावच्या डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला:
उणे दोन पूर्णांक सहा.
मी म्हटलं, आमच्यात उणं माप नसतं,
टेप शून्यापासून सुरू होते.
त्या माझ्या प्लास्टरमधल्या मनगटाकडे बघत म्हणाल्या,
पाळी जाऊन किती वर्षं झाली?
तारीख लिहून ठेवली नव्हती.
ही शेवटची, असं कोण सांगून जातं?

रात्री जुन्या मापवह्या काढल्या.
क्लेमेंतीन, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा फ्रॉक: पाठ पंधरा.
नातीच्या बाप्तिस्म्याला: चौदा.
पैंगीणच्या प्रभुगावकरीणबाई: साडेचौदा, चौदा, सव्वातेरा.
मला वाटायचं टेप ताणली गेलीय.
दोनदा नवी आणली.
बायका पानापानांवर आखूड होत होत्या
आणि मी ब्लाऊज आखूड कापत होते,
कुणाला काही न सांगता.

कागदाच्या पाठीमागे बाईंनी लिहून दिलं:
नाचणी. तीळ. कुळीथ. शेवग्याचा पाला. सोयाबीन.
सकाळचं ऊन. चालणं.
आणि रविवारी उपाशीपोटी एक गोळी,
त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
गोळीने भाजी सुटत नाही, म्हणाल्या,
भाजीने गोळी सुटत नाही.
गेलेलं सगळं भरून येईल?
नाही. पण जाण्याची घाई कमी होईल.

सोयाबीनच्या वड्या शिजवल्या.
खांद्याचं पॅड चावल्यासारखं लागलं.
मग खोबरं, धणे, खोल्याची मिरची वाटून घातली,
तेव्हा ते पॅडसुद्धा गिळवलं.
दुकानामागे मश्कासांगेचं झाड आहे;
सुरवंट पत्र्यावर पडतात म्हणून
वर्षानुवर्षं ते तोडायला माणूस शोधत होते.
आता शिडीला हात लावायची बंदी मलाच,
म्हणून शेजारचा मेडिकलवाला पोरगा पाला काढून देतो
आणि विचारतो, काकी, मग माझ्या गोळ्या कोण घेणार?

नाचणीसाठी शनिवारी आवडू वेळीप.
गावडोंगरीहून पहिल्या बसने येते, पोतं डोक्यावर,
पाठ अशी की उभी राहिली तरी
काहीतरी वेचतेय असं वाटावं.
डोंगरावरचं धान्य, हाडं लोखंडाची असतील, मी म्हटलं.
ती हसली. आपण कुठे खातो, बाये?
तुमच्यासारख्यांचे रिपोर्ट आल्यापासून भाव चढलाय.
आम्हाला रेशनचा भात, सुकं, काळा चहा.

त्या दिवशी मी दोन किलो घेतली
आणि एक किलो तिला परत दिली: घरी खा.
तिने ती पुढच्या गिऱ्हाइकाला विकली.
माझ्या डोळ्यांदेखत. बरोबरच केलं.
नात नर्सिंगला आहे, फी भरायची होती.

म्हणून आता शनिवारी इस्त्रीच्या टेबलाखाली
स्टोव्हवर मी तिजान ढवळते.
नाचणीचं सत्त्व, नारळाचा रस, गूळ, वरून भाजलेले तीळ.
आई बाळंतिणींना द्यायची. त्यानंतर मात्र
बाईला काही द्यायचं असतं हे
आमच्या घरात कुणाला सुचलं नव्हतं,
मलासुद्धा नाही.
बाजार उठला की आवडू येते.
दोन पेले. ती फुंकर मारते, मी घाई करते, जीभ पोळते.

गेल्या शनिवारी नव्या वहीत
तिचं माप लिहिलं: पाठ साडेबारा.
मग टेप तिच्या हातात दिली, पाठमोरी झाले.
तिला आकडे वाचता येत नाहीत.
कमरेपाशी जिथे टेप संपली
तिथे तिने अंगठ्याचं नख रोवलं, करकचून,
आणि माझ्यासमोर धरलं.
खूण अजून आहे.
पुढच्या वर्षी तिथूनच मोजू.